साकवाची केस

कर्नाटकाच्या हद्दीतल्या रामनगरच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स पाटीवर, खरं काम अर्ज भरायचं. रेशनकार्डावरचं चुकलेलं आडनाव, म्हातारीची पेन्शन, जंगलातल्या जमिनीच्या हक्काची फाईल, जातीचा दाखला. माणूस पायरी चढला की त्याच्या हातातल्या पिशवीवरून मला कळतं त्याला काय पाहिजे. पिशवी तीन वेळा गुंडाळून वर रबर लावलेलं असलं की समजायचं, घरातले झाडून सगळे कागद आणलेत आणि त्यात लागणारा तेवढा नाही. मग मी ओरडते. लोकांना आता त्याची सवय झाली आहे. मी एखाद्यावर ओरडले नाही तर तो घरी जाऊन सांगतो, अक्काचं आज काहीतरी बिनसलंय.

इतक्या वर्षांत एका गोष्टीचा मला भारी तोरा होता. खोटा कागद माझ्या दुकानातून बाहेर पडत नाही. वय दोन वर्षांनी वाढवा, उत्पन्न थोडं कमी दाखवा, असं म्हणत येणाऱ्यांना मी पायरीवरूनच परत पाठवलं आहे. त्यात माझे सोयरेही होते. हा तोरा किती पोकळ होता ते आमच्या गावातल्या एका गवंड्यामुळे मला कळलं. मला कळून त्याचा काहीच फायदा झाला नाही.

कॅसलरॉककडे रेल्वेच्या दुसऱ्या रुळाचं काम निघालं तेव्हा तो मुकादमाच्या टोळीबरोबर आला होता. काम सरलं, टोळी पुढे गेली, हा मागे राहिला, कारण तिथल्या एका गँगमनच्या मुलीशी त्याचं जुळलं होतं. तिच्या घरच्यांनी तिचं तोंड बघायचं सोडलं, तेव्हा दोघं आमच्या गावात येऊन राहिली. गाव रामनगरपासून आत, जंगलात, पंचवीस-तीस उंबऱ्यांचं. तो शुक्रवारी बाजारात नमाजाला यायचा, ती नवरात्रात आमच्या देवळात ओटी भरायची, आणि गावाने दोन्हीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. यात गावाचं मन मोठं होतं असं कुणी समजू नये. गावाला गवंडी हवा होता.

गवंडी मात्र हाताचा चांगला. चिरा लावण्याआधी त्याला हातोडीने हलकेच ठोकायचा आणि आवाजावरून सांगायचा की आतून पोकळ आहे. आमच्या स्वयंपाकघराची भिंत त्याने घातली तेव्हा मी ओळंबा धरून तपासली होती आणि चूक सापडली नाही म्हणून मला राग आला होता. बोलायचा आमच्यासारखंच, किंबहुना आमच्यापेक्षा जास्त गावरान, कारण भाषा तो बायकोकडून शिकला होता. त्यांना एक मुलगी झाली. ती आता चौथीत आहे.

तीन वेळा तो माझ्याकडे आधारकार्डासाठी आला. पहिल्या वेळी मी अर्ज काढून विचारलं, जन्म कुठला? तो म्हणाला, "नदीच्या पल्याडचा." मला वाटलं काळी नदीच्या पलीकडचा, सुप्याच्या बाजूचा. तर म्हणाला, "ही न्हवं अक्का. लई मोठी नदी हाय ती. पल्याड दुसरा देश लागतो." आठ-नऊ वर्षांचा असताना मामाचा हात धरून तो ती ओलांडून आला होता. मामा नंतर कुठेतरी बांधकामावरून पडून गेला. आपल्या गावाचं नाव त्याला आठवत होतं, जिल्ह्याचं नव्हतं.

मी त्याला सांगितलं, मग हा अर्ज मी भरणार नाही. तो म्हणाला की त्याच्यासारखे बाकीचे नदीच्या अलीकडच्या जिल्ह्याचं नाव घालतात, कुणी विचारत नाही. मी म्हटलं, बाकीच्यांकडे जा. दुसऱ्या वेळी आला तेव्हा मुलगी शाळेत घालायची होती, तिसऱ्या वेळी बायको आजारी होती. दोन्ही वेळी मी तेच सांगितलं. तो कधी चिडला नाही. कोरा अर्ज घडी घालून खिशात ठेवायचा आणि जाताना माझ्या दुकानाच्या उखडलेल्या पायरीकडे बघून म्हणायचा, सिमेंट आणा, बसवून देतो. शेवटी त्याने ती बसवूनच दिली. मी त्याला अर्ज भरून दिला नव्हता, आणि त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आता साकवाचं सांगते. आमच्या गावात आणि डांबरी रस्त्यात एक ओढा आहे. पावसाळ्यात तो पार करायला लाकडी साकव. पोरं त्यावरून शाळेला, बाळंतीण त्यावरून दवाखान्याला. लाकूड दोन-तीन वर्षांत कुजतं, मग नवं टाकावं लागतं. सिमेंटच्या पुलासाठी मीच किती अर्ज लिहिले असतील; पण भोवती राखीव जंगल, त्यामुळे पूल मिळत नाही आणि झाड तोडायची परवानगीही मिळत नाही. म्हणून गाव गुपचूप किंदळाची दोन झाडं पाडतं आणि साकव बांधतं. फॉरेस्टवाल्यांना ते ठाऊक असतं. बहुतेक वेळा ते मान फिरवतात. मध्येच एखादा नवा साहेब येतो, त्याला केस करावी लागते, आणि केसला एक नाव लागतं.

त्यासाठी आमच्याकडे बारी आहे. देवळातल्या दिव्याची जशी घराघराला पाळी, तशी केसची बारी. ज्या घराची बारी असेल त्या घरातल्या एका बाप्याने नाव द्यायचं, झाडं मीच तोडली म्हणून सांगायचं. कोर्टाच्या तारखेला तो गेला की त्या दिवशी त्याच्या शेतात गावातलं दुसरं माणूस राबतं. हे आमच्या आज्याच्या आधीपासून चालत आलं आहे. जंगलातल्या गावात फॉरेस्टची केस म्हणजे ताप येऊन गेल्यासारखी. लग्न ठरवताना मुलाला केस आहे का असं कुणी विचारत नाही, कारण नाही असं घर नाही. या पद्धतीत कुणी खोटं बोलतंय असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

त्या वर्षी नवा साहेब आला आणि बारी आमच्या घराची होती.

आमच्या घरात बाप्ये दोन. माझे काका, म्हणजे गावचे गावकार, गावातला सगळ्यात मानाचा माणूस, बारी कुणाची हे ध्यानात ठेवणारे तेच. त्यांची दोन ऑपरेशनं झालेली, त्यांना कोर्टात उभं करणं शक्य नव्हतं. दुसरा माझा धाकटा भाऊ. तो रेल्वेच्या परीक्षेत पास झाला होता आणि पोलिसांची चौकशी व्हायची होती. केस लागली असती तर नोकरी गेली असती. देवळाच्या ओसरीवर गाव बसलं होतं. सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. काकांनी खाली मान घालून सुपारी कातरायला घेतली. पुढच्या घराने बारी उचलावी असं म्हणायला त्यांची जीभ उचलत नव्हती.

गवंडी कडेला उभा होता. साकवाच्या दोन्ही बाजूंचे चिऱ्याचे ओटे त्यानेच बांधले होते, म्हणून त्याला बोलावलं होतं. तोच म्हणाला, "माज्या नावावर घाला. मला ना शेत ना नोकरी. माजं काय जातंय?"

काकांचा अडकित्ता थांबला. मग तो माझ्याकडे वळला आणि हळू म्हणाला, "अक्का, केसच्या कागदावर गावाचं नाव असतंय न्हवं? माजं नाव आन् गावाचं, दोनी?"

मी म्हटलं, असतं.

"आन् सरकारचा शिक्का?"

मी म्हटलं, तोही असतो. त्याचं तोंड असं खुललं की मला हसू आलं. हा इथे राहतो असं सांगणारा एकही सरकारी कागद त्याच्याकडे नव्हता, आणि हा कागद त्याला खोटा जन्म न लिहिता मिळत होता. मलाही ते बरं वाटलं. इतकंच नाही, मला ते शहाणपणाचं वाटलं. कागदांमध्ये जन्म घालवलेली मी, मला कळायला हवं होतं की सगळे कागद माणसाच्या बाजूचे नसतात. पण केस म्हणजे काय ते मी आमच्या गावाच्या नजरेने बघत होते, आणि आमच्या गावात केस म्हणजे तू आमच्यातला झालास.

जबाब मीच लिहिला. साकवासाठी दोन झाडं मी एकट्याने तोडली, असं त्याच्या तोंडून लिहिलं, त्याने खाली इंग्रजीत वेडीवाकडी सही केली. तोडताना माझा भाऊ होता, आणखी चार जण होते, गवंडी त्या दिवशी बाजारकुणंगला कामावर होता. खोटा कागद न करणाऱ्या बाईने तो कागद लिहिला आणि तिला झोप चांगली लागली. जामीनही मीच राहिले, कारण घराच्या उताऱ्यावर माझं नाव आहे. एक गोष्ट मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नव्हती. बारी माझ्या नावावरही घेता आली असती. बाईचं नाव द्यायची रीत नाही, असं मी म्हटलं असतं. पण खरं हे की केस लागली तर दुकानाचा परवाना गेला असता.

भाऊ नोकरीला लागला. काकांनी गावात पेढे वाटले, गवंड्याच्या घरी दुप्पट दिले.

दोन वर्षं तो तारखेला जात होता. दोन बस बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून. गावातलं कुणी तारखेला इतकं नटून गेलेलं मी बघितलं नव्हतं. त्या दिवशी आमच्या घरातलं एक माणूस त्याच्या बायकोला लाकूडफाटा आणून द्यायचं, कारण राबायला त्यांच्याकडे शेत नव्हतं. आल्यावर तो दुकानात थांबायचा आणि सांगायचा की पट्टेवाल्याने त्याचं नाव गावासकट पुकारलं. समन्सचे सगळे कागद त्याने माझ्याकडून लॅमिनेट करून घेतले होते. मी चिडवायची, की लोक लग्नाचे फोटो लॅमिनेट करतात, हा आपला गुन्हा करतो. तो हसायचा.

मग मोबाईलवर त्या बिलाची बातमी फिरायला लागली. दिल्लीत कायदा येणार, जे परदेशी इथे राहून गुन्हे करतात त्यांना झटपट बाहेर काढणार, कोर्टकचेरीत वर्षानुवर्षं घालवायची नाहीत. त्याच सुमारास बाजारात एका लग्नघरी चोरी झाली होती आणि पकडलेले दोघे कुठले कोण, कुणाला ठाऊक नव्हतं. दुकानात गप्पा निघाल्या तेव्हा सगळ्यात मोठ्याने मीच म्हणाले, बरंच झालं, घाण तरी निघेल. मला ते वाक्य शब्दाशब्दाने आठवतं.

दोन दिवसांनी गवंड्यानेही मला विचारलं. "अक्का, त्ये बिल गुन्हेगारांसाटी हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग बरं हाय," तो म्हणाला आणि चुन्याची पिशवी उचलून निघून गेला. त्याने स्वतःला त्यात धरलं नव्हतं. मीही त्याला धरलं नव्हतं. आम्ही दोघं काउंटरच्या दोन बाजूंना उभे राहून एका सुरात बोललो.

कायदा अजून झालाही नव्हता, पण याद्या मागवल्या गेल्या होत्या. ठाण्यातले एक हवालदार, निवृत्तीला आलेले, गुडघेदुखीमुळे पायरी सावकाश चढणारे, दुकानात आले आणि एका कागदाच्या तीन प्रती काढायला सांगितल्या. ठाण्याचं मशीन बिघडलं होतं. कागद कानडीत होता. नाव, गाव, मूळ देश, आणि शेवटच्या रकान्यात गुन्ह्याचं कलम. सगळ्या यादीत आमच्या बाजूचं नाव एकच होतं. कलम फॉरेस्टचं. जन्म कुठला असं कोर्टात विचारलं तेव्हा त्याने खरं तेच सांगितलं असणार. मी कागद काचेवर पालथा घातला आणि बटण दाबलं. तिन्ही प्रती स्वच्छ आल्या. हवालदारांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तुमच्या गावचा दिसतोय. मी हो म्हटलं. ते म्हणाले, वरून आलंय, माझ्या हातात काय आहे. त्या माणसाचा मला राग येईना. राग करायला तो सोयीचा होता, तरी येईना.

दुकान बंद करून मी तशीच वकिलांकडे गेले, ज्यांच्याकडे आमच्या गावच्या सगळ्या केसी असतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं. याच्याजवळ कागद नाहीत, हा जन्माने बाहेरचा, ते काही पुसता येणार नाही. पण केस नसती तर तो या यादीत नसता. बायको इथली, मुलगी इथली, तेवढ्यावर अर्ज करून धडपडायला वेळ मिळाला असता. खरं ज्याने तोडलं त्याने कोर्टात येऊन सांगितलं तर याच्या अंगावरची केस निघेल. मग बघता येईल. मी विचारलं, आणि सांगणाऱ्याचं काय होईल? ते म्हणाले, सांगणाऱ्याचं जे होतं ते होईल, आणि ज्याने पहिला जबाब खोटा लिहिला त्याचंही.

घरी जाऊन मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, बारी आपली होती. एवढंच. भावाला फोन केला. तो रडला. म्हणाला, नोकरी पक्की व्हायला दीड महिना राहिलाय, तेवढा दीड महिना जाऊ दे, मग मी स्वतः येऊन उभा राहतो. तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. मी हो म्हटलं. माझं प्रतिज्ञापत्र मात्र, की झाडं भावाने तोडली आणि पहिला जबाब मी खोटा लिहिला, त्याच दिवशी टाईप करून ठेवलं, सही तेवढी बाकी. ड्रॉवरमध्ये ते पडून आहे म्हणून मला धीर वाटत होता. भावाच्या नोकरीसाठी मी थांबले असं मी सगळ्यांना सांगते. परवान्यासाठीही थांबले. ते आज पहिल्यांदा लिहिते आहे.

गवंड्याला मी यादीचं सांगितलं. लपवलं नाही. म्हटलं, दीड महिना कुठेतरी लांब जाऊन राहा, गोव्याकडे जा, आम्ही इकडे केस काढतो. तो आमच्या अंगणात उकिडवा बसून ऐकत होता.

"मधी तारीक हाय," तो म्हणाला.

मी म्हटलं, तारीख राहू दे.

"तारीक चुकली तर वारंट निगतंय. जामीन तुमी हाय. तुमास्नी बोलावतील." मग म्हणाला, "आजवर एक तारीक चुकवली न्हाई मी. साहेबास्नी म्हाईत हाय."

मी पुष्कळ ओरडले. त्याचा उपयोग झाला नाही. खरं तर मी त्याच दिवशी प्रतिज्ञापत्र सही करून त्याच्या हातात द्यायला हवं होतं, मग तो गेला असता. ते मी केलं नाही. ओरडले तेवढं.

तारखेच्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बसने गेला. काकांनी आमच्या गड्याला त्याच्या घरी लाकूडफाटा देऊन पाठवलं, रीतीप्रमाणे. दुपारी त्याची बायको माझ्या दुकानात आली. तिच्या पायात चप्पल नव्हती. कोर्टाच्या आवारातच त्याला धरलं होतं. कुणालाही शोधत हिंडावं लागलं नाही, कारण त्या दिवशी तो तिथे येणार हे कागदावरच लिहिलेलं होतं. आत त्याचं नाव पुकारून झालं, पुढची तारीख पडली, तो खाली वाकून नमस्कार करून बाहेर आला आणि पायऱ्यांवर गाडी उभी होती. हे तिला वकिलांच्या कारकुनाने फोनवर सांगितलं.

ती रडत नव्हती. म्हणाली, "अक्का, त्यो ड्रॉवरमधला कागद द्या. मी घिऊन जाते."

तिला त्या कागदाचं ठाऊक होतं. त्याने सांगितलं असणार. मी ड्रॉवर उघडला, कागद काढला, आणि तिच्यासमोर सही केली. आम्ही दोघी मिळेल त्या गाडीने गेलो. ठाण्यात कळलं की त्याला बेंगळुरूकडे हलवलंय. तिथल्या साहेबांनी कागद शांतपणे वाचला, परत दिला आणि म्हणाले, हे कोर्टात द्या, आमच्याकडे याचा काही संबंध नाही. कोर्ट त्या दिवसापुरतं उठलं होतं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मग रविवार. सोमवारी वकील म्हणाले, आता हा दिला तर तुम्ही दोघं भावंडं अडकाल आणि तो काही परत येणार नाही, त्याला पुढे नेलंय. निर्णय तुमचा. मी कागद परत पिशवीत ठेवला. पिशवी गुंडाळली आणि वर रबर लावलं.

महिन्याभराने तिच्या मोबाईलवर भलत्याच नंबरावरून फोन आला. त्याला नदीच्या पलीकडे सोडलं होतं. एका विटांच्या भट्टीवर काम धरलं होतं. गावाचं नाव सांगून शोधलं तर ते गाव नदीने केव्हाच खाल्लं होतं, असं लोक म्हणाले. तिथली भाषा त्याला समजते, पण बोलायला लागला की लोक हसतात, आठ वर्षांच्या पोरासारखं बोलतो म्हणून.

भावाची नोकरी पक्की झाली. तो आला, दोन दिवस राहिला, गवंड्याच्या घराकडे गेला नाही. कोर्टाचंही त्याने काढलं नाही, मीही नाही.

आणि मग मला नोटीस आली. आरोपी तारखेला हजर नाही, जामीनदाराने त्याला हजर करावं. पहिल्यांदा वाचून मला हसू फुटलं, दुकानात चार माणसं होती तरी. सरकारने नेऊन दुसऱ्या देशात सोडलेला माणूस सरकार माझ्याकडे मागत होतं. वकील म्हणाले, साधी गोष्ट आहे, एक निवेदन द्या, तुम्ही मोकळ्या. ते मी स्वतःच लिहिलं. सदर आरोपी परदेशी नागरिक आहे, त्यास देशाबाहेर पाठवण्यात आले आहे, तो परत येण्याची शक्यता नाही, सबब मला जामिनातून मुक्त करावे. सही केली. कोर्टाने मला मोकळं केलं आणि केसची फाईल बाजूला ठेवली. नवा साकव उभा आहे, त्यावरून पोरं शाळेत जातात, त्याची मुलगीही जाते.

त्यानंतर त्याने मला फोन केला. आवाज लांबून येत होता, पण उत्साहात होता. तिथे कुणीतरी त्याला सांगितलं होतं की कोर्टाचं बोलावणं असलं तर सीमेवर अडवता येत नाही. "अक्का, केस माज्या नावावर हाय. माज्याबिगर ती कशी चालंल? तारीक कवा हाय तेवडं सांगा."

फाईल बंद पडली आहे आणि ती बंद पडावी म्हणून मी सही केली आहे, हे त्याला सांगायचं होतं. त्याऐवजी मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि एक तारीख सांगितली. मला वाटलं, तेवढे दिवस त्याला बरे जातील.

गेल्या आठवड्यात त्याची बायको दुकानात आली. गर्दी होती, ती बाकावर थांबून राहिली. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर तिने सांगितलं. मी दिलेल्या तारखेच्या आधी दोन दिवस तो भट्टीवरून निघाला. कुणाचा तरी शर्ट मागून घेतला, इस्त्री करून घेतली. सीमेवरच्या चौकीसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, आज माझी तारीख आहे, मला जाऊ द्या. त्यांनी हाकललं, तो हलेना. तारीख आहे, तारीख आहे, म्हणत राहिला. मग त्याला मारलं. उजव्या हाताची हाडं मोडली आहेत, आता चिरा उचलता येणार नाही, असं तो स्वतःच तिला म्हणाला.

हे सांगून ती बाकावरून उठली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "अक्का, त्या दिशी तारीक खरंच हुती न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं.